करंगळीचे सूर

निजामपुऱ्यातल्या हाशिमला गिटारचं वेड लागलं ते चोरबाजारातून आणलेल्या एका अमेरिकन रेकॉर्डमुळे. तिकडच्या गावाकडच्या धुना, घोडा भरधाव सुटावा तशा. कापडाच्या कारखान्यातली लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची ड्युटी संपली की तो आणि त्याचा जोडीदार अनंता एकाच गिटारवर त्या आळीपाळीने घोटायचे.

एका दुपारी रेकॉर्डमधले काही सूर गेले. खरखर नाही, अडखळणं नाही. ताण्यातले ठरावीक उभे धागे ओढून काढावेत तसे, डाव्या करंगळीने दाबायचे तेवढेच सूर गायब.

"घासली आसंल," अनंता म्हणाला.

हाशिमला तो इशारा वाटला; त्याने करंगळी मुठीत दडवली. लूम थांबवून तुटला धागा जोडणाऱ्याला इथे कुणी कारागीर म्हणत नाही. चालत्या लूममध्येच हात घालून गाठ मारायची, हीच रीत.

"अनंता, माझं अंग मोडून आलंय. उद्या माझ्या लूमवर तू उभा राहशील?"

"त्यात काय इचारतोस? तू नीज."

दुसऱ्या संध्याकाळी अनंता फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन आला. करंगळी गेली होती.

"तुज्या लूमनं खाल्ली रे," तो कसंनुसं हसला. "आता गिटार तूच वाजव."

हाशिम हळहळला. अनंताची पाठ वळताच त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि रेकॉर्ड लावली.

करंगळीचे सूर परत आले होते. बाकीच्या तीन बोटांचे गेले होते.

दारावर थाप पडली. कारखान्यातला पोऱ्या होता.

"हाशिमभाई, शेठ बोलवतायत. अनंताचे लूमपण आता तुम्हालाच बघायचेत."