वस्तादांचा खोकला

पूर्णिमानं बनवलेल्या हॉरर गेममधलं भूत विहिरीतून वर आलं, तरी तिचा थोरला भाऊ राजवीर वडा खातच होता. “हे कसलं भूत गं? एका धोबीपछाडीत चितपट करीन की ह्याला!”

राजवीर पैलवान. उचगावच्या कुस्त्यांच्या मैदानाला पंधरा दिवस उरले होते आणि तोवर तेलकटाला शिवायचं नाही, अशी वस्तादांची सक्त ताकीद होती. आठ वर्षं तालमीत घालवूनही त्यानं वस्तादांना एकदाही हसताना बघितलं नव्हतं.

चार दिवसांनी पूर्णिमानं गेममधलं भूतच काढून टाकलं. आता पडद्यावर नुसतं एक बंद दार होतं. राजवीरनं हेडफोन लावला आणि वडा उचलला. दारामागं पायताण करकरलं. थांबलं. मग कुणीतरी खाकरलं.

वडा खाली पडला. हेडफोन कानाला तसाच ठेवून राजवीरनं बैठका मारायला सुरुवात केली. वीस झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण घरात आहोत.

“पूर्णे, वस्तादांचा खोकला कुठनं आणलास?”

“तालमीच्या दारात गेलते. म्हटलं, दाद्याला भ्या दावायचंय, जरा खाकरून द्या. तर कशापायी म्हणून विचारत बसले. मग वड्याचं सांगितलं की.”

राजवीर मटकन खाली बसला. “काय म्हणाले?”

“काय न्हाय. नुसतं हसले.”