पाचवी मात्रा

करक चहाच्या दुकानासमोर गाडी लावून गजेंद्रने कार्यक्रमात स्वतः काढलेला व्हिडिओ चौथ्यांदा सुरू केला. हॉर्न वाजवून मागवलेला चहा गाडीत आला, तरी त्याचं लक्ष मोबाइलवरच.

"आता येतो बघ," तो बायकोला म्हणाला. "अंगावर काटा येतो."

शेजारच्या सीटवर संजीवनी ऐकत होती. युरोपातून आलेली ऑपेराची थोर गायिका, वय साठीच्या पुढे, आणि दुपारचा कार्यक्रम असूनही दोह्यातलं सभागृह गच्च. आवाज चढत चढत सगळ्यात वरच्या सुरावर गेला आणि तिथे लखलखीत उभा राहिला. मग टाळ्याच टाळ्या.

"याला म्हणतात आवाज! नाहीतर आमच्या घरी." तो हसला. "तू रियाजाला वर जातेस ना, तेव्हा वाटतं शेजारी पोलीस बोलावणार. आणि आज कोरसमध्ये होतीस कुठे? शेवटी शेवटी दिसलीच नाहीस."

"मागे होते."

ती पडद्याआड होती. बाईंचा तो सूर केव्हाच गेला होता. बाईंनी नुसतं तोंड उघडायचं, सूर संजीवनीने लावायचा, चार मात्रा, एकही जास्त नाही, असं आयोजकांनी ठरवलं होतं. कुठे बोलणार नाही असं लिहूनही घेतलं होतं. बोललीस तर कोरस खलास. इतकी वर्षं घासलेला गळा, आणि गायचं ते दुसरीच्या तोंडून. चार मात्रा झाल्या, पण तिला थांबवेना. पाचवी तिने स्वतःसाठी घेतली.

मागच्या सीटवरून दहा वर्षांची आर्या पुढे वाकली. "बाबा, वेट. लुक ॲट हर माउथ."

गजेंद्रने थोडं मागे घेऊन लावलं. बाईंचे ओठ मिटले. सूर मात्र तसाच चालू होता, चांगला सेकंदभर.

"इट्स क्लोज्ड! देन हू इज सिंगिंग?"

सबंध दुपारभरात तेवढाच एक सेकंद संजीवनीचा होता आणि लेकीने तो बरोबर धरला होता. सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं.

"अगं, लॅग आहे तो. मोबाइलमध्ये आवाज मागे पडतो असा," गजेंद्र म्हणाला. "हो ना गं?"

दोघंही तिच्याकडे बघत होती.

"असेल," ती म्हणाली.

आर्या मागे टेकली. गजेंद्रने मोबाइलवर बोट सरकवलं. "ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचाय. तिथले लोक नको ते खुसपट काढतात." त्याने व्हिडिओची शेपटी कापली. टाळ्याही गेल्या. मग त्याने तो पाचव्यांदा लावला. बाईंचे ओठ मिटले आणि त्याच क्षणी सूर थांबला.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "आता कसं बरोबर जुळलं."