काठाला आलेलं वर्तुळ

इकडे जपानात, आमच्या डोंगरात मुलगी जन्मली की अंगणात किरीचं झाड लावतात. ती लग्न होऊन निघाली की ते तोडून तिच्या कपड्यांची पेटी करतात. आमची लेक मित्सुए लग्नाआधीच्या उन्हाळ्यात तळ्यात पोहायला गेली, ती सापडलीच नाही. तरी ह्यांनी झाड तोडलं आणि कोरून कोरून त्याचा एक ट्रे केला.

पाण्यात खडा पडावा तशी वर्तुळं त्या लाकडात आपोआप उमटलेली होती. रोज सकाळी मी त्याच ट्रेमधून मित्सुएच्या फोटोपुढे चहा ठेवायची.

“अहो, ही वर्तुळं सरकतायत. आधी मधोमध होती, आता माझ्या बाजूला आलीत.”

“तुझा चष्मा सरकलाय,” हे म्हणायचे. “लाकूड कुठे जातंय?”

आज सकाळी बाहेरचं वर्तुळ ट्रेच्या काठाला टेकलं होतं. कपातला चहा हललासुद्धा नव्हता. मी ट्रे पुसला, तर फडकं ओलं झालं. त्याला शेवाळाचा वास येत होता.

मी ते ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते हुंगलं.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी ओले केस पिळल्याचा आवाज आला.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “अजून एक कप काढ.”