पोचलात की कळवा

"आई, पिंडाला कावळा शिवेना गं," दहाव्याला घाटावर गेलेल्या लेकीचा फोन आला. "दादा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. बाबांच्या विद्यार्थ्यांनी अर्धवट पुस्तक पुरं करायचा शब्द दिला. कावळा आपला नुसता बघतोय."

कुमुदताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांना तेच तेच सांगून जीव शिणला होता. यजमान विद्यापीठात प्राध्यापक. त्यांची बॅग भरण्यातच उभा जन्म गेला, आज जपान, उद्या आणखी कुठे. निघताना दारात कुमुदताईंचं एकच सांगणं, "पोचलात की कळवा." मग तिकडून फोनची घंटा दोनदा वाजून बंद व्हायची. उचलायचा नाही. तेवढ्यावर घर निवांत जेवायला बसायचं.

या खेपेला मात्र दवाखान्यात, त्यांच्या उशाशी, कुमुदताईंचा डोळा लागला. सांगायचं राहूनच गेलं.

"त्यांना म्हणावं, पोचलात की कळवा."

"सांगते," लेक म्हणाली.

थोड्या वेळानं फोन दोनदा वाजला आणि थांबला. कुमुदताईंनी उचलला नाही.

"पानं घे गं," त्यांनी सुनेला हाक मारली. "पोचले."