शेवाळाची मूठ

"आई, आता बिनघोर चाला!" योगिनीने घासणी बादलीत टाकली आणि ओढणीने कपाळावरचा घाम पुसला.

काठी टेकत टेकत झऱ्याच्या कुंडाशी आलेली दमयंती जागच्या जागी थबकली. कुंडाचा काठ पांढराफटक झाला होता. कालपर्यंत त्यावर गोधडीएवढं जाड हिरवं शेवाळ होतं, ते आता बादलीत होतं. बादलीशेजारी बाथरूम धुवायच्या ॲसिडची बाटली आडवी पडली होती. रिकामी.

"हे ओतलंस गो?"

"मग काय, नुसत्या घासणीने निघेचना. कसं फसफसलं म्हणून सांगू! इथेच घसरून तुम्ही खुबा मोडून घेतलात ना? ह्यांना किती वेळा म्हटलं, एक दिवस काढा. पण बोट मिरकरवाड्याच्या बंदराला लागली की ह्यांना जाळी आणि बर्फच सुचतो. शेवटी म्हटलं, मीच करते."

पोर कौतुकाची वाट बघत हसत उभी होती. खेडला नळाच्या पाण्यावर वाढलेली सून, सासूच्या पायाच्या काळजीने सकाळपासून वाकून वाकून घासत होती. हिला बोलायचं तरी कुठल्या तोंडाने? दमयंतीला रडूच फुटायचं बाकी राहिलं. काठातून पाणी गळत होतं. एक सोडून तीन ठिकाणी.

तो काठ कुणा गवंड्याने बांधलेला नव्हता. वरच्या शिंपल्यांच्या दगडातून पाझरताना पाणी चुना घेऊन येतं. शेवाळ नसलं तर तो चुना तसाच पाण्याबरोबर समुद्रात जायचा. शेवाळ असलं की त्याच्या धाग्याधाग्यावर बसतो, खालच्या शेवाळाचा दगड होतो आणि वर नवं उगवतं. असा चढत चढत काठ उंच झाला, म्हणून कुंड भरलं, पाणी नळीच्या तोंडाला लागलं आणि खालच्या चाळीस घरांत पोचलं. तो चुनाच आज ॲसिडने खाल्ला होता.

म्हणून तर वाडीत नवी सून आली की पाचव्या दिवशी तिला इथे आणायचं, तिच्या मुठीत शेवाळ द्यायचं आणि काठाच्या भेगेत चिकटवायला लावायचं. त्या वेळी सासू सांगते, ह्याला घासणी लावायची नाही, जन्मात नाही. योगिनीचा पाचवा दिवस आला तेव्हा दमयंती रत्नागिरीच्या दवाखान्यात खुबा मोडून पडली होती. घरी आल्यावर आज नेऊ, उद्या नेऊ करता करता वर्ष गेलं. आळस मेला, दुसरं काय!

नळीने फुरफुर आवाज केला. कुंडातलं पाणी तिच्या तोंडाखाली उतरलं होतं.

थोड्याच वेळात वाडीतला हरिश्चंद्र धापा टाकत वर आला. मागून शेजारची सगुणा, कडेवर हंडा घेऊन. "नळाला नुसता वारा येतोय!" म्हणत त्याने काठाकडे पाहिलं. "कोणी केलंन हे?"

योगिनीचं हसू कधीच मावळलं होतं. ती तोंड उघडणार, तोच दमयंती म्हणाली, "मी."

हरिश्चंद्राने तिच्या काठीकडे पाहिलं. मग योगिनीच्या लालबुंद हातांकडे. "काकी," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला वाकता तरी येतं काय?"

दमयंती काठीने गळतीच्या जागा दाखवू लागली.

"सिमेंट लावलं तर?" सगुणाने विचारलं.

"धरत न्हाय," हरिश्चंद्र म्हणाला. "आमच्या आप्पांनी लावून बघितलंनी होतं, पाणी मागून पोखरतं." दिवस वैशाखाचे होते. पावसाला अजून दीड महिना होता.

योगिनीने बादलीतलं पिवळं पडलेलं शेवाळ मुठीत घेतलं आणि भेगेत कोंबलं. पाणी ते घेऊन गेलं. तिने पुन्हा कोंबलं, पुन्हा गेलं. "आई, काठ परत वर यायला किती दिवस लागतील?"

"मी नवी नवरी होते तेव्हा ह्याच भेगेशी मूठ लावली होती," दमयंती म्हणाली. "चाळीस वर्षांत बोटभर चढला गो तो."

मग काठी बाजूला टाकून, कण्हत, ती ओल्या दगडावर बसली. घासणी पोचली नव्हती अशा एका कपारीतून तिने चिमूटभर हिरवं शेवाळ खरवडलं आणि सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"लाव. तुझं राहिलं होतं. लावून दाबून धर."

योगिनीने ते भेगेत लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिच्या बोटांच्या फटींतून पाणी गळत राहिलं.  सगुणाने कडेवरचा हंडा उतरवला आणि त्या बोटांखाली धरला.