छापील पुरावा

मंडालेतल्या चहाच्या दुकानात झॉ लिननं सरकारी दैनिक न्वे नीपुढे आपटलं. दोघंही ऑनलाइन विश्वकोशाचे संपादक. ती इस्पितळात नर्सही होती. मोर्चावरच्या पानातले गोळीबाराचे सतरा बळी त्यानं सकाळी चेंगराचेंगरीचे करून टाकले होते. “ताई, नियम तुम्हीच शिकवलात. डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, छापलेलं लागतं.” न्वे नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरांपैकी नऊ पोरांचं रक्त तिनं स्वतः पुसलं होतं. तिनं बँकॉकचं वर्तमानपत्र भिरकावलं. त्यात कवटीत रुतलेल्या गोळीचा एक्स-रे होता, खाली साक्षीदार म्हणून तिचं नाव. “घे छापलेलं! चेंगराचेंगरीत डोक्यात शिसं शिरतं होय रे, हुजऱ्या?” त्याचा चेहरा उतरला. “उद्या उचलतील तुम्हाला. झोडपून पान बदलून घेतील.” “झोडपू देत. ते पान परदेशातल्या संपादक सोबत्यांनी दुरुस्त करून कुलूपबंद केलंय. बदल करायची किल्ली मी माझ्याकडे ठेवलीच नाही.”