शिवण

दुपारच्या शांततेत टचकन आवाज झाला आणि करुणाच्या ब्लाउजची शिवण काखेत उसवली.

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन ती निम्मी झाली होती, तेव्हाचा हा ब्लाउज. बेतताना सुभाष रोडच्या शिंपीण रंगूबाई म्हणाल्या होत्या, "अक्का, आत जरा कापडाची माया ठेवते की. पुढं सैल करायला येतंय."

"बोटभर पण नको. मी परत फुगत नसते!" करुणा हसली होती.

आता तिनं शिवण उलटून पाहिली. सैल करायला कापडच नव्हतं. वजन चढलं तर गेलेली शुगरही परत येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शेजारी खेळणाऱ्या लेकीनं तिच्या पोटावरच्या टाक्यांच्या खुणांवरून बोट फिरवलं.


"आई, डॉक्टरांनी तुझं पोट पण शिवलंय न्हवं? ते पण उसवतंय काय गं?"